जोडणं आणि निवडणं : पुनर्संयोजित डीएनए तंत्राचा आढावा

कोव्हिशील्डच्या कुपीवर लशीच्या शास्त्रीय नावानंतर कंसात ‘रीकॉम्बिनंट’ असं छापलेलं असायचं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली ही लस आपल्यापैकी बहुतेकांनी दंडावर टोचून घेतली. चिंपांझींमध्ये आढळणाऱ्या एका अ‍ॅडेनोव्हायरसच्या डीएनएमधून त्याला शरीरात वाढू देणारा भाग काढून टाकला होता, आणि त्या जागी करोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक बसवलं होतं. अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात असे पाच हजार कोटी विषाणू-कण होते.

एका जीवाचं जनुक दुसऱ्या जीवाच्या डीएनएला जोडायचं आणि ती जोडणी जिवंत पेशीत वाढवायची, हे आता इतकं सरावाचं झालं आहे की त्याच्या मुळाशी काय आहे हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही. पाठ्यपुस्तकांत त्याचं वर्णन ‘कापा आणि चिकटवा’ असं येतं. ते खोटं नाही, पण त्यात गाभा निसटतो. डीएनए कापणं आणि जोडणं ही पेशींची फार जुनी कामं आहेत. माणसानं त्यात घातलेली खरी भर म्हणजे निवड. कोट्यवधी पेशींतून हवा तो तुकडा घेतलेली एकच पेशी कशी हुडकायची, हा प्रश्न सुटला तेव्हा हे तंत्र उभं राहिलं. पुढे दवाखान्यात आणि कापसाच्या शेतात त्याच्यापुढे जे पेच आले, त्यांतले सर्वांत कठीण पेचही निवडीचेच आहेत. हा आढावा त्या अंगानं घ्यावा असं मला वाटतं.

सुरुवात कापण्यापासून. एका जिवाणूवर जोमानं वाढणारा विषाणू त्याच जिवाणूच्या दुसऱ्या वाणावर सोडला की जवळजवळ वाढत नाही, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं होतं. जिनिव्हात वर्नर आर्बर यांनी १९६०च्या दशकात त्याचा उलगडा केला. परका डीएनए आत शिरला की पेशीतली एन्झाइम त्याचे तुकडे करतात, आणि पेशीच्या स्वतःच्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गट लावलेले असल्यानं तो मात्र वाचतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स हेमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूवर काम करत होते. अखंड डीएनएचं द्रावण चिकट, संथ वाहणारं असतं. या जिवाणूचा अर्क विषाणूच्या डीएनएमध्ये मिसळला की द्रावणाचा चिकटपणा उतरत जाई, पण अर्काच्या स्वतःच्या डीएनएवर काहीच परिणाम होत नसे. १९७० मध्ये त्यांनी हे एन्झाइम वेगळं करून दाखवलं. ते कुठेही कापत नव्हतं, ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच कापत होतं. त्याच संस्थेतल्या डॅनियल नेथन्स यांनी लगेच त्या एन्झाइमनं एसव्ही-४० या विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे पाडले आणि कोणता तुकडा कुठला, याचा नकाशा बनवायला घेतला. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स या तिघांना १९७८चं नोबेल मिळालं.

आज शेकडो रेस्ट्रिक्शन एन्झाइम विकत मिळतात. त्यांतलं सर्वांत ओळखीचं म्हणजे ई. कोलायपासून मिळालेलं इकोआर-वन. ते जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं शोधतं. समोरची साखळी उलट दिशेनं वाचली तर तिथेही हीच सहा अक्षरं येतात, त्यामुळे दोन्ही साखळ्या कापल्या जातात, पण समोरासमोर नाही. प्रत्येक साखळीत पहिल्या ‘जी’नंतर काप बसतो आणि दोन्ही टोकांना ए-ए-टी-टी अशी एकेरी शेपटी लोंबत राहते. स्टॅनफर्डमध्ये जॅनेट मर्ट्झ आणि रॉन डेव्हिस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की या शेपट्या आपसूक एकमेकींना धरतात. याचा अर्थ मोठा होता. बेडकाचा डीएनए असो की जिवाणूचा, एकाच एन्झाइमनं कापला की टोकं सारखीच. चार अक्षरांतून सहा अक्षरांचा एक ठरावीक क्रम योगायोगानं सरासरी ४,०९६ अक्षरांतून एकदा येतो, म्हणजे साधारण एखाददुसऱ्या जनुकाएवढे तुकडे पडतात. हेही पथ्यावरच पडलं.

जोडण्याचं एन्झाइम, डीएनए लायगेज, १९६७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं. पेशीत ते तुटलेल्या साखळ्या सांधतं, प्रयोगशाळेत तेच काम परीक्षानळीत करतं. इथली एक तडजोड शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळते. एन्झाइमला ऊब हवी असते, पण चार अक्षरांच्या शेपट्यांची पकड उबेत टिकत नाही. म्हणून ती नळी रात्रभर १६ अंशांवर ठेवायची जुनी पद्धत आहे.

स्टॅनफर्डमध्येच पॉल बर्ग यांच्या गटानं १९७२ मध्ये एसव्ही-४०चा डीएनए आणि जिवाणूंवरच्या लॅम्डा विषाणूची जनुकं एकत्र जोडली. दोन वेगळ्या जीवांच्या डीएनएची परीक्षानळीत केलेली ही पहिली जोडणी, आणि तिच्यासाठी बर्ग यांना १९८० मध्ये नोबेल मिळालं. पण ती जोडणी जिवाणूत सोडायचं त्यांनी टाळलं. एसव्ही-४०मुळे हॅम्स्टरमध्ये गाठी होतात, आणि ई. कोलाय माणसाच्या आतड्यात राहतो. ही भीती रॉबर्ट पोलॅक यांनी १९७१ मध्ये फोन करून त्यांच्यापुढे मांडली होती. बर्ग थांबले. त्या थांबण्यातून पुढे काय निघालं ते नंतर येईल.

जोडणी वाढवण्याचा मार्ग हवाईतून गेला. हवाई विद्यापीठात मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये दाखवलं होतं की कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवलेले जिवाणू विषाणूचा डीएनए आत घेतात. स्टॅनफर्डच्या स्टॅन्ली कोहेन यांनी हीच युक्ती प्लाझ्मिडसाठी वापरली. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर राहणारं, स्वतःच्या प्रती स्वतः काढणारं डीएनएचं छोटं कडं. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा त्यावरच असतात. नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलूला प्लाझ्मिडांवर एक परिषद भरली, आणि तिथे कोहेन यांची गाठ इकोआर-वनवर काम करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट बॉयर यांच्याशी पडली. एकाकडे कापणारं एन्झाइम, दुसऱ्याकडे वाढणारं कडं. तिथल्या एका संध्याकाळच्या गप्पांतून ठरलेला प्रयोग एका वर्षात छापून आला.

तो प्रयोग सावकाश बघण्यासारखा आहे. कोहेन यांच्याकडचं पीएससी-१०१ हे प्लाझ्मिड इकोआर-वननं एकाच जागी कापलं जाई, आणि त्यावर टेट्रासायक्लिनला तोंड देणारं जनुक होतं. दुसऱ्या प्लाझ्मिडाच्या एका तुकड्यावर कॅनामायसिनला तोंड देणारं जनुक होतं. दोन्ही कापून एकत्र केले, लायगेज घातलं, मिश्रण ई. कोलायला पाजलं. नळीत काय काय तयार झालं असेल? पीएससी-१०१ स्वतःशीच मिटलेलं, तुकडे आपसांत जुळलेले, तीन-चार तुकड्यांचे गुंते, आणि त्यातच कुठेतरी हवी ती जोडणी. शिवाय हजारो जिवाणूंत एखादाच डीएनए आत घेतो. हे सगळं डोळ्यांनी शोधायचं तर आयुष्य पुरणार नाही. कोहेन-बॉयर गटानं मिश्रण दोन्ही प्रतिजैविकं घातलेल्या प्लेटवर पसरलं. दोन्ही जनुकं एकाच पेशीत आली तरच ती जगेल, बाकीच्या मरतील. दुसऱ्या दिवशी वसाहती उगवल्या, आणि त्यांच्या प्लाझ्मिडांत दोन्ही तुकडे सापडले. १९७४ मध्ये आफ्रिकन बेडकाच्या रायबोसोमल आरएनएचं जनुक याच मार्गानं जिवाणूत वाढवून दाखवण्यात आलं.

ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून दहा तासांत शंभर कोटींवर पेशी होतात, आणि प्रत्येकीत तोच तुकडा. जनुकाचं क्लोनिंग म्हणजे एवढंच : एका तुकड्याच्या हुबेहूब अगणित प्रती. डॉली मेंढीचं क्लोनिंग वेगळं. त्यात अख्खं पेशीकेंद्रक हलवलं होतं, जनुकं जोडली नव्हती.

पुढच्या दशकातल्या सुधारणा बघितल्या तर कापण्या-जोडण्यापेक्षा जास्त डोकं निवडीवर खर्च झालेलं दिसतं. बॉयर यांच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस्को बोलिव्हार आणि रेमंड रॉड्रिगेझ यांनी १९७७ मध्ये पीबीआर-३२२ हे प्लाझ्मिड बांधलं. सुमारे ४,३६० अक्षरांचं हे कडं अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोघांनाही दाद देत नाही. नवा तुकडा टेट्रासायक्लिनच्या जनुकाच्या मधोमध बसवला की ते जनुक मोडतं. मग अँपिसिलिनवर जगणारी पण टेट्रासायक्लिनवर मरणारी वसाहत आपली. अडचण अशी की हवी ती वसाहत मेल्यावर ओळखू येते, म्हणून तिची आधीच दुसऱ्या प्लेटवर नक्कल काढून ठेवावी लागते.

जोआकिम मेसिंग यांच्या पीयूसी मालिकेनं १९८०च्या दशकात ही कटकट संपवली. त्यात तुकडा बसवायची जागा लॅक-झेड जनुकाच्या तुकड्यात असते. जनुक शाबूत असेल तर प्लेटमधल्या एक्स-गॅल या पदार्थापासून निळा रंग तयार होतो. जनुकात तुकडा बसला की रंग नाही. बर्फात ठेवलेल्या नळीत जिवाणूंना डीएनए द्यायचा, अर्ध्या तासानं नळी ४२ अंशांच्या पाण्यात पाऊणएक मिनिट धरायची, पुन्हा बर्फात, मग खाद्य घालून तासभर ३७ अंशांवर. त्या तासात प्रतिजैविक घालायचं नसतं, कारण डीएनए घेतलेल्या पेशीला अँपिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवायला तेवढा अवधी लागतो. मग प्लेट. सकाळी इन्क्युबेटर उघडला की निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत काही पांढरे ठिपके दिसतात. प्लेट जास्त वेळ राहिली तर मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचं कडं उगवतं. विद्यार्थी त्यांना ‘सॅटेलाइट’ म्हणतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. मोठ्या वसाहतीतून झिरपलेल्या एन्झाइमनं आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलेलं असतं, आणि त्या निवाऱ्यात त्या फुकट वाढतात. उतावळेपणानं तीच उचलली तर पुढचे दोन दिवस वाया जातात. पांढऱ्या ठिपक्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नसतो. प्लाझ्मिड काढून, कापून, जेलवर तुकड्याची लांबी बघायची आणि शेवटी अक्षरक्रम वाचून घ्यायचा.

हवं असलेलं जनुक आधीपासून हातात असेल तर हे ठीक. पण १९७०च्या दशकात माणसाच्या ३२० कोटी अक्षरांतून एक जनुक काढायचं तर नकाशाच नव्हता. मग सगळ्या डीएनएचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या वाहकात (प्लाझ्मिडात किंवा विषाणूत) घालायचा, म्हणजे जनुकसंग्रह करायचा. वीस हजार अक्षरांचा एक तुकडा धरला तरी १ लाख ६० हजार तुकडे होतात, आणि हवा तो तुकडा संग्रहात असण्याची खात्री ९९ टक्के हवी असेल तर सात लाखांवर वसाहती लागतात. त्यातून शोधण्यासाठी ग्रुनस्टाइन आणि हॉगनेस यांनी १९७५ मध्ये वसाहतींचा ठसा कागदावर घेऊन त्यावर किरणोत्सारी पूरक तुकडा चिकटवायची पद्धत दिली. फिल्मवर काळा डाग पडला तिथली वसाहत उचलायची. नळीतच डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर आणि जीनोमचे नकाशे आल्यावर ही पद्धत मागे पडली. आज हवा तो अक्षरक्रम कंपनीला कळवला की काही दिवसांत तयार जनुक कुरियरनं येतं. पण बहुतेकदा ते येतं प्लाझ्मिडात बसून, आणि त्या प्लाझ्मिडावर आजही प्रतिजैविकाचं जनुक असतं.

१९७७ मध्ये आणखी एक अडथळा कळला. माणसाच्या जनुकांत मध्येमध्ये निरर्थक वाटणारे पट्टे असतात, आरएनए बनल्यावर पेशी ते गाळून टाकते. जिवाणूला ही गाळणी येत नाही. म्हणून माणसाचं जनुक जसंच्या तसं ई. कोलायला देऊन उपयोग नाही. गाळून झालेल्या आरएनएवरून उलट दिशेनं डीएनए बनवावा लागतो, आणि ते काम टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधलेलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज करतं. नाहीतर जनुक रसायनांपासूनच जुळवायचं. या दुसऱ्या वाटेचा पाया हरगोविंद खुराना यांनी घातला. १९७० मध्ये त्यांच्या गटानं ७७ जोड्यांचं एक अख्खं जनुक रासायनिक पद्धतीनं तयार केलं होतं. त्या वेळी त्याचा काय उपयोग असं अनेकांना वाटलं असेल. इन्सुलिननं त्याचं उत्तर दिलं.

बॉयर आणि रॉबर्ट स्वॉन्सन यांनी १९७६ मध्ये जेनेनटेक काढली. त्यांनी आधी सोमॅटोस्टॅटिन हे अवघं १४ अमिनो आम्लांचं संप्रेरक घेतलं, आणि केइची इताकुरा व आर्थर रिग्ज यांनी त्याचं जनुक जुळवलं. पहिल्या प्रयत्नात हाती काहीच लागलं नाही. जिवाणू एवढं छोटं परकं प्रथिन लगेच मोडून टाकत होता. मग ते जिवाणूच्याच बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडलं, आणि दोघांच्या सांध्यावर मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड नेमकं मेथिओनिनपाशी कापतं. इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन्ही साखळ्यांत मेथिओनिन एकदाही येत नाही, म्हणून तीच युक्ती इन्सुलिनला चालली. दोन साखळ्या दोन वेगळ्या वाणांत बनवून, कापून, नंतर जुळवल्या. सप्टेंबर १९७८ मध्ये हे जाहीर झालं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये एलाय लिलीच्या ह्युम्युलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधी मधुमेही डुकराच्या किंवा गायीच्या इन्सुलिनवर जगत. त्यांच्यात आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये अनुक्रमे एका आणि तीन अमिनो आम्लांचा फरक असतो. भारतात वोखार्टनं २००३ मध्ये आणि बायोकॉननं २००४ मध्ये आपलं पुनर्संयोजित इन्सुलिन बाजारात आणलं.

पण प्रत्येक प्रथिन ई. कोलायला जमत नाही. अनेक मानवी प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात, जिवाणू तसल्या लावत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांचं रक्त टिकवणारं एरिथ्रोपोएटिन त्यामुळे चिनी हॅम्स्टरच्या बीजांडकोशाच्या पेशींत बनवतात. हिपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्ये बनते, कारण विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन यीस्टमध्ये आपोआप गोळा होऊन विषाणूसारखे कण बनवतं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये शानव्हॅक-बी आणली आणि आयातीच्या महाग लशीला देशी पर्याय उभा राहिला. भारतीय जैवतंत्रज्ञानातली ही घटना मला फार मोलाची वाटते, कारण बाळाला लस परवडणं-न परवडणं त्यावर अवलंबून होतं. रक्तातून काढलेल्या, रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टर-आठमुळे १९८०च्या दशकात हजारो हिमोफिलिया रुग्णांना एचआयव्ही झाला. मृतदेहांतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरला. या दोन्हींना पुनर्संयोजित औषधांनी सुरक्षित पर्याय दिला. तंत्राला विरोध करताना आणि त्याचं कौतुक करतानाही हा हिशेब समोर हवा. शाकाहारी चीजसाठी दूध गोठवणारं कायमोसिन हे एन्झाइमही बहुतेकदा याच तंत्रानं बनतं. वासराचं जनुक घेतलेल्या बुरशीत किंवा यीस्टमध्ये ते तयार होतं, आणि वासरू मारावं लागत नाही.

बर्ग थांबले होते तिथे परत जाऊ. १९७४ च्या जुलैमध्ये त्यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून काही प्रकारचे प्रयोग स्वतःहून थांबवायचं आवाहन केलं, आणि ते पाळलंही गेलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला सुमारे दीडशे जण जमले. धोका जेवढा, तेवढा बंदोबस्त असं तत्त्व ठरलं. बंदोबस्त दुहेरी होता : खोलीचा आणि जीवाचा. रॉय कर्टिस यांनी आतड्यात तग धरू न शकणारा ई. कोलायचा लुळा वाण तयार केला. १९७६ मध्ये अमेरिकेत मार्गदर्शक नियम आले, आणि त्याच उन्हाळ्यात हार्वर्डच्या केंब्रिज शहरात महापौर अल्फ्रेड वेलुची यांनी हा प्रश्न नगरपरिषदेत आणून नागरिकांची समिती बसवायला लावली. शास्त्रज्ञांनी स्वतःला घालून घेतलेली ही वेसण आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि तिचं महत्त्व मी मानतो. पण असिलोमारमध्ये चर्चा फक्त रोगराईच्या धोक्याची झाली. बदललेली जनुकं कुणाच्या मालकीची, शेतात गेल्यावर काय होईल, हे प्रश्न टेबलावर आलेच नाहीत. नंतरचे सगळे वाद त्या न आलेल्या प्रश्नांचे आहेत.

मालकीचा प्रश्न पाच वर्षांत आला. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूला पेटंट देता येतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. हा जिवाणू पुस्तकांत पुनर्संयोजित डीएनएचं उदाहरण म्हणून येतो. तसा तो नव्हता. चक्रवर्तींनी जिवाणूंच्या नैसर्गिक देवाणघेवाणीतून प्लाझ्मिडं एकत्र आणली होती. पण निकालानं दार उघडलं ते या तंत्रासाठीच. त्याच वर्षी कोहेन-बॉयर पद्धतीलाही पेटंट मिळालं.

दवाखान्यातली एक अलीकडची मजल मुंबईतली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी काढून, अपंग केलेल्या विषाणूमार्फत त्यांत एक जोडलेलं जनुक घालतात. त्यामुळे या पेशी सीडी-१९ हे प्रथिन दाखवणाऱ्या कर्करोगी पेशींना ओळखून मारतात. काही रुग्णांत रोग परततो, आणि परतलेल्या पेशींवर सीडी-१९ नसतं. उपचारानं बाकीच्या सगळ्या मारल्या आणि ज्यांच्यावर ती खूण नव्हती त्या निवडल्या. म्हणून आता दोन खुणा एकदम ओळखणाऱ्या पेशींवर जगभर काम चाललं आहे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर विदर्भ-मराठवाड्यात घडली. वनस्पतींत जनुक घालण्याची वाट १९८३ मध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूनं दाखवली. झाडाच्या पेशीत आपल्या प्लाझ्मिडाचा तुकडा घुसवायची कला त्याला निसर्गतःच अवगत आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं, अळीला मारणारं विष बनवणारं क्राय-१-एसी जनुक असंच कापसात गेलं. त्या पेशी निवडायला वापरलं ते कॅनामायसिन, कोहेन-बॉयर यांच्या १९७३ च्या प्रयोगातलंच. जालन्याच्या महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २००६ मध्ये क्राय-२-एबी हे दुसरं जनुक असलेलं बोलगार्ड-दोन आलं. अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. शेतकऱ्यांनी हे बियाणं डोळे मिटून घेतलं नाही, फायदा दिसला म्हणून घेतलं.

अळीच्या दृष्टीनं बीटी कापसाचं शेत म्हणजे प्रतिजैविकाची प्लेटच. करोडो अळ्यांत एखादी तग धरणारी असते, आणि शेत तिला निवडतं. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची पुडी दिली जाई. ते शेताच्या कडेनं लावलं की तिथे साध्या अळ्या वाढतात, तग धरलेल्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पातळ राहतो. ती पुडी बहुतेक शेतांत पेरली गेली नाही. चार-पाच एकरवाल्यानं कडेचं पीक अळीला सोडून द्यावं, ही अपेक्षा कुणाच्या बांधावर उभं राहून केली होती?

अमेरिकन बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिच्यासाठी आपसूक निवारा होता आणि तिच्यावर बीटीचा परिणाम बराचसा टिकला. गुलाबी बोंडअळीचं बिऱ्हाड जवळजवळ कापसावरच. त्यात भारतातला बीटी कापूस संकरित, म्हणजे झाडात जनुकाची एकच प्रत. त्याच्या बोंडातल्या सरक्यांत जनुकं वाटली जातात. एक जनुक असेल तर चारांतली एक सरकी बीटीविना असते. दोन असतील तर सोळांतली एक दोन्हींविना, आणि बऱ्याच सरक्यांत एकच. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विष नसलेली, कमी असलेली आणि पूर्ण असलेली सरकी मिळते. प्रतिकार वाढवायला याहून सोयीची शाळा नाही. त्यावर लांब मुदतीचे वाण आणि पाणी असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत ठेवलेली फरदड, म्हणजे अळीला वर्षभर अन्न. गुजरातेत २०१०च्या सुमारास क्राय-१-एसीला दाद न देणारी गुलाबी अळी जाहीर झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) आणि किडकी बोंडं शेताशेतात दिसू लागली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. अमेरिकेत बीटी कापूस आणि वांझ केलेले पतंग यांची जोड देऊन २०१८ मध्ये हीच अळी संपवल्याचं जाहीर झालं. जनुक तेच होतं. फरक त्याच्या वापराच्या रचनेत होता, आणि त्या रचनेची जबाबदारी बियाणं विकणाऱ्यांची आणि मंजुरी देणाऱ्यांची होती.

बीटी कापसानंतरचा प्रवास अडखळता आहे. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तर बांगलादेशानं ते २०१३ मध्ये स्वीकारलं. तणनाशकाला दाद न देणारा विनापरवाना कापूस २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं जाहीर कार्यक्रम करून पेरला. जनुक बदललेल्या (जीएम) मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जुलै २०२४ मध्ये वेगवेगळे निकाल दिले. दरम्यान जनुक नेमक्या जागी बदलणारं क्रिस्पर तंत्र आलं. परकं जनुक शेवटी शिल्लक न ठेवता पिकाचंच जनुक बदलणाऱ्या प्रकारांना मार्च २०२२ मध्ये जीएम नियमांच्या मोठ्या भागातून सूट मिळाली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन जीनोम-संपादित वाण जाहीर झाले.

या सुटीचं मी स्वागत करतो, पण एका अटीवर. बियाण्यात परका डीएनए आहे की नाही, यावर अळीची निवड ठरत नाही. कीड मारणारा गुण कोणत्याही मार्गानं आला तरी तो शेतात त्याच गणितात सापडतो. म्हणून पुढच्या कीडरोधक वाणाला परवानगी देताना त्या किडीला दुसरं खाद्य कोणतं, वाण संकरित आहे की सरळ, तो किती दिवसांत शेत सोडतो, आणि निवाऱ्याचं बियाणं वेगळ्या पुडीत आहे की पाकिटातच मिसळलेलं, हे सगळं मंजुरीच्या कागदात लिहिलेलं हवं. प्रतिकाराची तपासणी दरवर्षी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेनं करावी, आणि तिचे आकडे पेरणीआधी जिल्ह्याजिल्ह्यात मराठीत जाहीर व्हावेत.